‘ण’ नसलेली चिठ्ठी

मित्रांनो, पेटी म्हटले की तुम्हांला दागिने आठवतील, नाहीतर भजनातली पेटी. मी त्यांपैकी कोणतीच नव्हे. मी फणसाच्या लाकडाची, चिठ्ठ्या टाकायची एक जुनी पेटी आहे. माझ्या माथ्यावर बारीक फट आहे, बाजूला लहानसे कुलूप आहे, आणि पोटात आज या घडीला एकच चिठ्ठी आहे. तिच्यासाठीच मी बोलते आहे.

माझा जन्म नंदाखाल गावचा. सॅन्टन सुतारांनी एका घराचे दार घडवले आणि त्यातून उरलेल्या फळ्यांतून मला. आगाशीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने तक्रारपेटी मागवली होती. सॅन्टननी फटीच्या आत एक उतरती पट्टी बसवली. कागद आत सरकेल, पण बोट घाला, काडी घाला, बाहेर यायचा नाही. त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा टाकून पाहिला, मला उलटे धरून हलवले आणि कपटा पडला नाही तेव्हा ते समाधानाने हसले. त्या पट्टीचा मला फार अभिमान होता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला विश्वासाची जागा समजत असे.

महाविद्यालयात मला जिन्याखाली टांगले. शिपाई आत्माराम मामा रोज माझ्यावर फडके फिरवत आणि महिनाअखेर कुलूप उघडत. न फिरणारे पंखे, पाटीकडे पाठ करून शिकवणारे सर, उपाहारगृहातला शिळा वडा, सारे माझ्या पोटातून गेले. पण एक चिठ्ठी दरवर्षी यायची, दरवर्षी निराळ्या अक्षरात. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही.’ अशा अकरा चिठ्ठ्या मी पाहिल्या. त्यांच्या शेवटी कधी कधी असेही लिहिलेले असे की आम्ही सकाळी घरून पाणी न पिताच निघतो आणि संध्याकाळी घरी जाऊनच पितो. त्या कागदांवर लाल शाईत ‘पाहिले’ असा शेरा पडे. कडी काही बसली नाही.

एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटले होते, अशी पेटी प्रत्येक संस्थेत हवी. आत काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. पुढे तक्रारी मोबाइलवरून जाऊ लागल्या. मी कपाटाच्या माथ्यावर गेले, आणि माझ्यावर खडूंचे खोके आले.

दोन वर्षांपूर्वी विनया आली. ती फुलपाड्याला राहायची. मानसशास्त्रात संशोधन करत होती. वयात आलेली मुले आणि मुली आपल्या शरीराविषयी काय जाणतात, कशाला भितात, दुखले-खुपले तर कोणाला विचारतात आणि मुलगा किंवा मुलगी असण्याने त्या विचारण्यात काय फरक पडतो, हा तिचा विषय. तिने मला खाली उतरवले, ओल्या फडक्याने पुसले आणि माझी फट बोटाने चाचपून पाहिली. पट्टी तिला आवडली.

तिची काळजी मी जवळून पाहिली आहे. घरोघरी जाऊन तिने आईवडिलांच्या सह्या आणल्या. शाईवरून कोणी ओळखू नये म्हणून सर्वांना एकाच जातीच्या पेन्सिली दिल्या. कागद एकाच मापाचे कापले. त्यावर मुलगा की मुलगी एवढीच खूण करायची होती. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. कॅमेऱ्याच्या नजरेबाहेरची जागा शोधून तिने मला तिथे ठेवले आणि वर्गाला सांगितले, “तुमचं नाव मला नको आहे. मला फक्त तुमचे शब्द हवेत. घरी बोलता तसेच लिहा. मी एक अक्षरही बदलणार नाही.”

त्या दिवशी मी पुन्हा भरले. शरीराविषयी काही विचारायचे झाल्यास कोणाला विचारता, या प्रश्नापुढे बहुतेक मुलांनी ‘मोबाइलला’ असे लिहिले होते. मुलींच्या कागदांवर ‘कोणालाच नाही’ हे दोन शब्द इतक्यांदा आले की ते मला घड्याळाच्या टिकटिकीसारखे ऐकू येऊ लागले.

आता मी जिच्याविषयी सांगणार आहे, तिचे नाव मी सांगणार नाही. ते सांगायचे नसते, हे मी फार मोठी किंमत मोजली गेलेली पाहून शिकले आहे. ती माझ्या दाराशी उभी राहिली, म्हणून तिला द्वारका म्हणू. मिठागराकाठच्या एका गावातून ती बसने यायची. त्या गावाकडे ‘ण’ नाही. लोणी लोनी असते, कोण कोन असतो. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात तिने शेजारणीकडे ‘पानी’ मागितले आणि अर्धा वर्ग हसला. मयूर नावाचा मुलगा दोन दिवस तिला ‘बिसलेरी पानी’ म्हणून हाक मारत होता. तेव्हापासून द्वारका तोंडातल्या तोंडात शब्द निवडून बोलू लागली. ‘ण’ येईल ते वाक्यच टाळायची. तहान लागली तर नुसती बाटलीकडे बोट दाखवायची. पुढे तेही थांबले. कडी नसलेल्या दाराची भीती होतीच, आता शब्दाचीही झाली.

विनयाने दिलेल्या वचनावर तिचा विश्वास बसला. तिने घरी बोलावे तसे लिहिले, कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो माझ्यात टाकला. दुसऱ्याच क्षणी तिची बोटे माझ्या फटीत आली. तिला तो परत हवा होता. सॅन्टनच्या पट्टीने तो सोडला नाही. मधल्या सुट्टीत ती केसांची पिन घेऊन आली. पिन माझ्या लाकडाला ओरखडत राहिली. तो ओरखडा अजून आहे. आत्माराम मामांनी तिला पाहिले. ते रागावले नाहीत. “आत गेलं ते गेलं, पोरी,” ते म्हणाले, “तुझं नाव थोडंच आहे त्यावर?”

मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड वासून तो कागद ओकून टाकता आला असता तर. पण माझी घडण चांगली होती.

विनयाने ती चिठ्ठी वाचली तेव्हा माझे झाकण उघडे होते.  हे फक्त तक्त्यात नोंदवून भागणार नाही, या मुलीला उत्तर मिळायला हवे, असे तिने ठरवले. पण मुलगी कोण, हे तिला ठाऊक नव्हते आणि शोधायचे नव्हते. म्हणून शनिवारी तिने एका डॉक्टर बाईंना बोलावले. आलेले प्रश्न सगळ्यांसमोर वाचायचे, उत्तरे सगळ्यांना द्यायची. जिचा प्रश्न आहे तिला ते आपोआप मिळेल. मला टेबलावर मधोमध ठेवले होते. हेतू निर्मळ होता. जग बहुधा अशाच हेतूंच्या धारेने कापले जाते.

विनया एकेक प्रश्न वाचत गेली. मग तिने चार घड्यांचा तो कागद उलगडला. एक अक्षरही बदलणार नाही, हे तिने सांगितले होते. तिच्या अभ्यासात बोलणाऱ्याची भाषा सुधारणे म्हणजे त्याचा अपमान होता. तिने तो जसाच्या तसा वाचला.

“माझ्या अंगावरून पांढरं पानी जातं. जळजळ होते. सहा महिने झाले. आय सांगते कोनाला बोलू नको, लग्न जमनार नाय. मी मरनार का?”

वर्गात कोणी इकडेतिकडे शोधले नाही. सगळे तिसऱ्या बाकाकडे वळले. एवढ्या मोठ्या वर्गात ‘पानी’ म्हणणारी एकच होती. नाव पुसले होते, शाई पुसली होती, आणि एक अक्षर हजेरी देऊन गेले. विनयाने त्या वळलेल्या माना पाहिल्या. तिचा कागद धरलेला हात टेबलावर, माझ्या शेजारी, हळूच खाली आला.

डॉक्टर बाईंना यातले काही कळले नाही. त्या शांतपणे सांगू लागल्या की हा आजार अनेक जणींना होतो, त्यात पाप नाही की लाज नाही, तपासून घेतले तर थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्यासाठी जायचे ते...

“डॉक्टर मॅडम,” मागच्या बाकावरून मयूर म्हणाला, “गोळीने ‘ण’ पण बरा होतो का?”

हशा झाला. फार मोठा नव्हे. पण कुठे जायचे, कोणाला भेटायचे, हे त्यात बुडाले. द्वारकाने दप्तर उचलले नाही. ती तशीच उठून गेली.

मयूरचीही एक चिठ्ठी माझ्यात होती. पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली की कागद फाटला होता. ती काय होती, ते मी कुणालाच सांगणार नाही. एवढेच सांगते, ती हसण्यासारखी नव्हती.

सोमवारी द्वारका आली नाही. त्यानंतरही नाही. आठवड्याने तिचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. विनया तिच्या गावी दोनदा गेली. परत आल्यावर जिन्याखाली, माझ्या शेजारी बसून तिने आत्माराम मामांना सांगितले ते मी ऐकले. पहिल्या खेपेला दार उघडलेच नाही. दुसऱ्या खेपेला आईने उघडले, पाट दिला, तांब्या पुढे केला. “पानी घ्या, बाई,” ती म्हणाली. विनयाने द्वारकाचे नाव घेऊन विचारले, तिला दवाखान्यात नेले का, मी सोबत येते. तेव्हा आई म्हणाली, “सही घेताना तुमी सांगितलं, नाव नको. मग आता नाव घेऊन कशाला आलात?”

दवाखान्यात नेले नव्हते. आता नेले असते तर ती चिठ्ठी आपल्याच मुलीची, हे घरच्यांनी गावासमोर कबूल केल्यासारखे झाले असते. मुलीला खाडीपलीकडे तिच्या मामाकडे धाडले होते. पुढे आत्माराम मामांच्या कानावर आले, ती तिथे भाताच्या खळ्यावर कामाला जाते आणि अधूनमधून पोट धरून भिंतीशी बसते. त्यानंतर काही कळले नाही.

विनयाचा अभ्यास पूर्ण झाला. तक्ते झाले, टक्केवारी झाली. एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत ओळ आहे : ‘एक उत्तर वगळले.’ शेवटच्या दिवशी ती माझ्यापाशी आली, चार घड्यांचा तो कागद तिने फटीतून आत सोडला, कुलूप लावले आणि किल्ली मामांच्या हातात दिली. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले.

आता मी मोडक्या बाकांच्या खोलीत आहे. तळाला वाळवी लागली आहे. सुट्टीत ही खोली रिकामी करायची आहे, असे कालच दारात कोणी बोलत होते. मला कोणी जपून ठेवावे, अशी माझी विनंती नाही. लाकूड शेवटी चुलीत जाते. पण मला फोडाल तेव्हा तो कागद मोठ्याने वाचू नका. जी माणसे लिहून मोकळी होतात, त्यांना तुम्ही दोनदा सांभाळायचे असते : एकदा त्यांचे नाव झाकून, आणि एकदा त्यांचे बोलणे झाकून. विनयाने पहिले केले. दुसरे आम्हां कोणालाच सुचले नाही.

आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून एक कडी बसवा. बाराव्या चिठ्ठीची वाट पाहू नका. ती टाकायला आता पेटीही नसेल.

मित्रांनो, तुमच्या शेजारच्या बाकावरून कोणी ‘पानी’ मागितले, तर आधी पाणी द्या.