पायांतून उतरणारं विष

विजेच्या यंत्राला जोडलेल्या टबातलं पाणी तपकिरी होऊ लागलं तसा सभागृहात एकच गलका उठला. मागचे लोक खुर्च्यांवर चढून पाहू लागले.

"उतरलं! यकृतातलं विष उतरलं!" निचराबाबा गरजले. हे नाव त्यांना लोकांनीच दिलं होतं. "हा फेस सांध्यांचा, ही नारिंगी छटा मूत्रपिंडाची. तीस वर्षांची घाण अर्ध्या तासात बाहेर! आता गोळ्या आणि सुया हव्यात कशाला?"

टबात पाय सोडून बसली होती ती शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची थोरली बहीण. जुना मधुमेह. तीन आठवडे तिनं इन्सुलिनला हात लावला नव्हता आणि बाईंना ते आज सकाळी कळलं होतं. ताई पहिल्यांदा बाबांविषयी बोलली तेव्हा बाईंनी नुसती टर उडवली होती. मग तिनं पुढचं सांगणंच सोडलं.

बाई उठल्या, टेबलाशी गेल्या आणि पिशवीतून काचेचं भांडं, बॅटरी, दोन खिळे काढले.

"बाबा, तुमच्या टबातही दोन सळ्या आहेत ना? आणि तुम्ही पाण्यात टाकलेली ती मंतरलेली भुकटी म्हणजे साधं मीठ. मी आत्ताच चाखली."

"शंकेखोरांचं विष जरा उशिरा निघतं, बाई!"

लोक खो-खो हसले. बाईंनी पिण्याचं पाणी ओतलं, चमचाभर मीठ ढवळलं, बॅटरीला जोडलेले खिळे आत सोडले आणि हात मागे घेतले. एका खिळ्याशी बुडबुडे आले. पाणी हिरवट झालं, गढूळलं, आणि हळूहळू तसंच तपकिरी.

"अहो, यात तर कुणाचेच पाय नाहीत!" पुढच्या रांगेतली शिवणकाम करणारी काकू म्हणाली.

"नाहीतच. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. ती एका सळीतलं लोखंड पाण्यात उतरवते आणि ते गंजतं. हा रंग गंजाचा आहे, रोगाचा नव्हे. बाबा, ताईचे पाय बाहेर काढते. नवं पाणी घ्या, यंत्र लावा."

"रिकाम्या पाण्यात शक्ती कोपते," बाबा पुटपुटले आणि वायर गुंडाळू लागले.

ताईचा पाय पुसताना बाई थबकल्या. अंगठ्याखाली आधीच्या खेपेला टबातल्या गरम पाण्यानं आलेला फोड फुटून काळा पडला होता. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताही नव्हता.

रुग्णालयात डॉक्टरांना ताईचा अंगठा काढावा लागला.

"मला तिथं हलकं वाटायचं गं," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तिथं मला कुणी हसायचं नाही."

बाईंनी तिचं पांघरूण सारखं केलं.

पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी दबकत विचारलं, "ते बाबा आता आमच्या भागात येणार म्हणे. जाऊ का?"

या वेळी बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून आजींजवळ बसल्या.

"आजी, त्यांना एवढंच म्हणा, आधी माझे पाय बाहेर ठेवून यंत्र चालवून दाखवा. विचारण्यात पाप नाही. जे खरं असतं ते प्रश्नांनी मोडत नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध एक दिवससुद्धा सोडू नका."