गिरजाबाईंना कळलेला सिनेमा

“कमळाकर, अरे ही काय कंपनीतली सूचना वाचतोयस? बाई रडतेय तिथं पडद्यावर!”

“जमंल, मास्तर. परत घ्या.”

कमळाकर रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत ऑपरेटर. आठवडाभर पहिली शिफ्ट संपली की रोह्याहून पेणला, रामवाडीतल्या माझ्या घरी यायचा आणि वाचनाचा सराव करायचा. आमचं फिल्म मंडळ म्हणजे मोजून सात टाळकी. त्यांच्यासाठी सत्तर वर्षांपूर्वीचा हा युरोपातला सिनेमा मी चार वर्षं खटपट करून मिळवला. युद्धात मुलगा गेलेलं एक घर, आणि त्याचं नाव कुणी काढायचं नाही असा त्या घराचा नियम, एवढीच गोष्ट. खालची अक्षरं इंग्रजी, म्हणून मी संवाद मराठीत उतरवून मोठ्याने वाचतो.

गेल्या महिन्यात तो पाहिल्यावर कमळाकर बराच वेळ जागचा हललाच नाही. त्याचा मुलगा प्रवीण दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला. तेव्हापासून त्याच्या बायकोने, गिरजाबाईंनी, पोराचं नाव घेतलं नव्हतं. कुणी विषय काढला की उठून जायच्या.

“तिला दाखवायचाच,” कमळाकर म्हणाला. “आन् वाचनार मीच. तुमचं ती ऐकायची नाय.”

खपली काढू नये, असं माझं मत. पण माणूस हट्टाला पेटला होता.

रविवारी मंडळ माझ्याकडे जमलं तेव्हा गिरजाबाई आल्या, पुढच्याच खुर्चीत बसल्या. कमळाकरने तासभर झकास वाचलं. मग ती आई मुलाच्या खोलीचं दार उघडते, तिथं त्याचा आवाज अडकला तो अडकलाच. पडद्यावर ती बाई परक्या भाषेत बोलत राहिली. मला ते सहन होईना. सिनेमा बंद करायला मी उठलो.

“ऱ्हाऊ दे, मास्तर,” गिरजाबाई म्हणाल्या. “पोराला हाका मारतेय ती. एवढं कळतंय मला.”

पुढे शेवटपर्यंत कुणी काही वाचलं नाही. दिवे लागले. मंडळी चपला शोधू लागली.

“त्या बाईचा पोर कसा गेला हो?” गिरजाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“लढाईत गो,” कमळाकर कसाबसा म्हणाला.

“आपला प्रवीण कामावर जाताना गेला.” त्या आमच्याकडे वळल्या. “सकालची शिफ्ट व्हती. चाय पन पुरता पिला नाय.”

आम्ही सगळे पुन्हा खाली बसलो.