तान्ह्या पोळ्याचं प्रात्यक्षिक

गौरांगला डोळे उघडे ठेवून झोपायची कला जन्मजात अवगत होती. कॉलेजात नूपुर मॅडम फळ्यावर माणसांच्या गटांची वर्तुळं काढायच्या आणि याला त्यात तलाव दिसायचा. तलावावरून लाकडी बैलांचा कळप चाललेला, हाकणारा कोणी नाही, तरी एकही बैल वाट चुकत नाही. असा पोरगा संघटनात्मक नेतृत्वाची पदवी घ्यायला निघाला म्हटल्यावर त्याच्या वडिलांनी, इतवारी बाजारातले भांड्यांचे व्यापारी गणपतराव यांनी, कपाळावर हात मारून घेतला होता.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. मागच्या सत्रात पोरगा प्रात्यक्षिकात नापास झाला, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की यंदाही तेच झालं तर कॉलेज बंद आणि दुकान सुरू. गौरांगचा दुकानावर राग नव्हता. पण पितळी हंड्यांच्या खणखणाटात तो तलाव आपल्याला परत कधी दिसायचा नाही, या विचारानं त्याला रडू यायचं.

यंदा मॅडमनी काम दिलं होतं ते असं, की एका गटाकडून एखादा कार्यक्रम पार पाडायचा, पण कोणालाही हुकूम सोडायचा नाही. गौरांगनं आपल्या ले-आउटचा, म्हणजे राहत्या वसाहतीचा, तान्हा पोळा निवडला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात. आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं की आधी मानाचा बैल निघतो, मागोमाग बाकीचे, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे बैलाच्या मानाचा खाऊ, गोळा करायचा. गौरांगनं स्वप्नातला कळप आठवून पोरांना सुचवलं, यंदा मानाचा बैलच नको, सगळे सारखे. पोरांना ते फार आवडलं.

सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक वाजतगाजत गेली. दुपारी मारुतीच्या देवळापुढे पोरं बैलांसकट रांगेत उभी राहिली. वर ढग इतके खाली उतरले होते, की बैलांच्या शिंगांना लावलेले बेगडी कागद तेवढे चमकत होते. नूपुर मॅडम खुर्चीवर बसून बघत होत्या. दुकान लवकर बंद करून गणपतरावही पायरीशी हाताची घडी घालून उभे होते. कशाला आले होते, ते त्यांनाच ठाऊक.

पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून झाल्या, तोरण तुटलं आणि कोणीच हललं नाही.

मानाच्या बैलाआधी पाऊल टाकायचं नाही, हे पोरांच्या अंगात मुरलेलं. यंदा तो बैलच नव्हता, मग आधी जायचं कोणी? सगळी एकमेकांकडे बघत राहिली. आयाबाया कुजबुजू लागल्या. गौरांगच्या ओठांवर ‘चला रे’ आलं होतं. उच्चारलं की नापास, न उच्चारावं तर पोळा तिथंच उभा.

त्याचा स्वतःचा लहानपणचा बैल, एक शिंग मोडलेला, आईनं पुसून रांगेच्या शेवटी ठेवला होता. तो बैल ओढत गौरांग लहानपणी दरवर्षी शेजाऱ्यांचं बोट धरून चालला होता. सणासुदीचं गिऱ्हाईक सोडून बाबांना कधी येता आलं नव्हतं, आणि ते त्याला अजून सलत होतं. त्यानं बैल उचलला, पायरीशी गेला आणि काही न बोलता दोरी वडिलांपुढे धरली.

गणपतरावांनी दोरीकडे पाहिलं, मग पोराकडे. शेवटी त्यांनी चपला काढल्या, दोरी हातात घेतली आणि चाकं कुरकुरवत त्या एकशिंग्या बैलाला तोरणापलीकडे नेलं. मागून एक चाक वाजलं, मग दुसरं, मग सगळा कळपच निघाला. गौरांगला क्षणभर रस्ता पाण्याचा झाल्यासारखा वाटला.

पहिल्या वळणावर गणपतराव थांबले. मागे पोरांची झुंबड, पुढे दोन्हीकडे घरं. गल्ल्यावर बसून चार माणसांना दिवसभर कामं सांगणारा तो माणूस गोंधळून वळला आणि पोराला म्हणाला, “पह्यले कोनाच्या घरी जातेत गा? मले काहीच माहीत नाही.”

आजवर बाबांनी त्याला काही विचारलंच नव्हतं. तो त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सिंधूताईच्या घरी, बाबा. तिथं चिवडा चांगला भेटते.”

दोघं त्या फाटकाकडे वळले.