नाकारलेले एकतीस

जिन्याखालच्या फळीवर काळा डबा होता. त्यात दोन डिस्क, पुढे तीन दिवे आणि परवानगीच्या यादीत सहा पत्ते: बाबांचा संगणक, आईचा फोन, माझी दोन यंत्रं, टीव्ही आणि ताईच्या घरचं इंटरनेट. यादीबाहेरच्या पत्त्यावरून कोणी आलं तर डबा नुसता नकार द्यायचा, कारण सांगायचा नाही. यादी मीच केली होती.

घरातले सगळे फोटो त्या डब्यात. दोन वर्षांपूर्वी ताई बाबांशी कडाडून भांडली आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात निघून गेली. वाढदिवसाला तिचा फोन यायचा. तब्येत, हवा, ठेवते. आई मात्र दर शनिवारी ‘ताईसाठी’ या फोल्डरमध्ये फोटो टाकायची. कुंडीतलं नवं पान, मांजरीची पिल्लं, बाबांचे न्हाव्यानं बिघडवलेले केस. आधी ताई ते बघायची. गेले आठ महिने नाही.

“बघितले का गं तिनं?”

मी नोंदी बघून सांगायचे, “नाही.”

“वेळ नसेल मिळत,” आई म्हणायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा टाकायची.

मग बाबांनी नवा फोन घेतला. डब्यानं तो नाकारला, म्हणून मी नाकारलेल्यांच्या नोंदी पहिल्यांदाच उघडल्या. एकाच अनोळखी पत्त्यावरून एकतीस प्रयत्न. सगळे रविवारी, दुपारी चार ते पाचमध्ये.

“चोर असणार,” बाबा खांद्यावरून डोकावत म्हणाले. “कायमचा हाकल.”

“पस्तीसपैकी एकतीस रविवार, ठरल्या वेळी? एवढा शिस्तीचा चोर?”

पहिल्या प्रयत्नाची तारीख बघितली. त्याच आठवड्यात ताईनं खोली बदलली होती; तसं तिनं फक्त मला कळवलं होतं. खोलीबरोबर इंटरनेटचा पत्ताही बदलतो. यादीत जुनाच राहिला होता. मी ताईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“मोजपट्टे, आज कुणाचा वाढदिवस?” ताईनं माझ्या चिडवायच्या नावानं विचारलं.

“कुणाचाच नाही. रविवारी चारला तू काय करतेस?”

पलीकडे तिनं पंखा बंद केला.

“बाबांनी माझं नाव यादीतून काढलंय, कळलंय मला. तरी उघडून बघते. सवय.”

“कोणी काढलेलं नाही. तू खोली बदललीस आणि मी यादी बदलली नाही. गाढव मी आहे.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तिला म्हणावं, घर बदललं की कळवायचं असतं,” ते मला म्हणाले, हातभर अंतरावरच्या फोनकडे बघत.

“त्यांना म्हणावं, विचारायचं असतं,” ताई म्हणाली.

“पिल्लं मोठी झाली गं आता,” आई मध्येच म्हणाली.

नवा पत्ता मी यादीत घातला. बाबांनी एकेक आकडा दोनदा तपासला.

रविवारी आई तीनपासूनच जिन्याखाली स्टूल टाकून बसली. “दिवा लुकलुकला म्हणजे तीच ना?”

“आपल्यापैकी कोणी डबा वापरला नाही तर तीच.”

बाबांनी टीव्ही बंद केला. मग आपला फोन, आईचा, माझी दोन्ही यंत्रं. संगणकाची तर वायरच काढली.

दिवा चार वाजून तीन मिनिटांनी लुकलुकू लागला आणि सहा वाजून एकवीस मिनिटांनी थांबला. मग मी नोंदी बघितल्या. न पाहिलेले फोटो चारशे बारा होते. उघडलेले, चारशे बारा.