बिनविरोध

आजीचं तेरावं झालं आणि लगेचच्या रविवारी आमचं कुटुंब गंगापूर रोडला मिसळ खायला जमलं. विषय गंभीर होता, म्हणून पापड जास्तीचे मागवले. आजीच्या मागे गोटीरामकाकाची कायदेशीर जबाबदारी कोण घेणार? काकाला तरुणपणापासून कानात आवाज ऐकू येतात. घरी बोललो तर त्याला वाईट वाटेल, म्हणून त्याला घरीच ठेवून आलो होतो. एवढे आम्ही हळवे.

थोरल्या वाल्मीककाकांनी आपल्या बीपीचा सगळा इतिहास सांगितला. मनमाडच्या चंद्रभागाआत्याचं घर रुळाला लागून. "गाड्यांच्या आवाजाचा त्रास व्हायचा गं बिचाऱ्याला," म्हणताना तिचे डोळे भरून आले. तर्री झणझणीत होतीच. ओझरच्या संतोषदादाची मुलगी लग्नाची. स्थळं येतात, घरात कोण कोण आहे ते बघतात. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वेदिकाचं बरंय," आत्या म्हणाली, "मागं ना पुढं कोणी."

मी शाळेत शिकवते आणि लग्न केलेलं नाही. म्हणजे आमच्या घरच्यांच्या हिशेबी मी रिकामी खोली. माझं मन किती मोठं आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं. जिलेबी येईपर्यंत माझी बिनविरोध निवड झाली होती. माझ्या तोंडात घास होता, तोच होकार धरला.

पुढच्या आठवड्यात काकाला घेऊन सगळे डॉक्टरांकडे गेलो. मी नकार घोकूनच आले होते. जन्मभर त्याच्या गोळ्या, त्याचं दवाखान्यात भरती होणं, त्याच्यासाठीच्या सह्या, काही काही मला गळ्यात नको होतं.

"माणूस तुम्ही निवडायचा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोटीराम स्वतः निवडतील."

"त्याला काय कळतंय?" वाल्मीककाका म्हणाले. गोटीरामकाका शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

"गोटीराम, कोण हवंय तुम्हाला?"

काकाने एकेकाकडे बघून घेतलं. मग माझ्याकडे वळला.

"वेदे, मला तू चालशील. पण तुला चालेल का? नको असेल तर नाही म्हण. मी नाही रागवायचो."

मला भयंकर राग आला. सगळ्यांचा आला, काकाचा सर्वांत जास्त. आठवडाभर घोकलेला नकार आता कुणाच्या तोंडावर फेकणार?

"चालेल," मी म्हणाले.

"मी म्हणत नव्हते?" आत्याने पदराने डोळे टिपले. "मोठ्या मनाची आहे पोर!"

"मन राहू दे, आत्या. त्यानं विचारलं म्हणून."