कडेची मडकी

"सगळी भट्टी आपल्या एकट्याची. मग मधे काय हवा ठेवायची?" धाकटीनं विचारलं.

धाकटा कुंभार घागर हातात धरून तसाच उभा राहिला. बायकोच्या बोलण्यात खोट काढावी तर सापडेना. थोरला भाऊ लेकीकडे नातवंड बघायला गेला होता आणि त्याची मडकी या खेपेला नव्हतीच.

एरवी दोघा भावांची भट्टी एकत्र लागायची. चिखल तुडवणं, सरपण ओढणं धाकट्याकडे. रचायची मात्र थोरल्यानंच. थोरल्याची मडकी मधे, धाकट्याची वाऱ्याच्या अंगाला, कडेला.

"तुझा हात पातळ आहे रे," थोरला सांगायचा. "मधल्या आचेला तुझी तडकतील. कडेला सांभाळून भाजू."

धाकट्याला याचं केवढं कौतुक! बायकोला म्हणायचा, "दुसरा असता तर म्हणाला असता, तुझं तू बघ. दादा आहे म्हणून आपली निम्मी तरी टिकतात."

टिकलेली बाजारात बद्द वाजायची. गिऱ्हाईक टिचकी मारायचं आणि शेजारी थोरल्याकडे वळायचं. धाकटा हसून गप्प बसायचा. समाधानी माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं. कुरकुरणाऱ्या पोरांना आया त्याच्याकडे बोट दाखवायच्या.

आज मात्र मधे काहीतरी ठेवणं भाग होतं. त्यानं वाकडीतिकडी निवडून मधे लावली. फुटली तरी हळहळ नको. वरून गोवऱ्या, पेंढा, राखेचा थर. वारा नेहमीसारखा माळावरून सुसाट येत होता. भट्टीची एक बाजू धडधडली, दुसरी नुसतीच धुमसत राहिली.

निवल्यावर दोघं उपसायला बसली. कडेची आधी निघाली. काळपट, बद्द, एक गळ्याशी चिरलेलं. नेहमीचंच. मग त्यानं मधलं वाकडं मडकं उचललं आणि सवयीनं टिचकी मारली.

खण्ण.

दुसरं उचललं. तेही खण्ण. एकही तडकलं नव्हतं.

"अगं बाई! मोठ्या भाऊजींच्या मडक्यांसारखी वाजतायत की!" धाकटी हरखून म्हणाली. मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हातातलं मडकं हळूच खाली ठेवलं.

"माती तीच," तो म्हणाला. "हातही तोच."

थोरला परतला त्या दिवशी धाकट्यानं ते वाकडं मडकं त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि टिचकी मारली. "दादा, हे मधलं आहे."

थोरला पाय धूत होता. त्याला नवल वाटलं नाही. धाकट्याला तिथंच कळलं.

"तुला माहीत होतं?"

"अरे, भट्टी म्हटली की कुणाचं तरी कडेला जाणारच."

"मग आळीपाळीनं लावायची!"

"मला नसतं सोसलं." थोरल्यानं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू समाधानी माणूस. तुला चालतं."

धाकट्यानं तो हात बाजूला केला. "दादा, पोराला मी चाकाला हात लावू दिला नाही. माझा पातळ हात त्याच्यात उतरेल म्हणून. विटा उचलायला धाडलं त्याला, परगावी. तूच म्हणालास, बरं केलंस."

थोरला टॉवेल शोधू लागला. आतून वहिनीनं विचारलं, "चहा टाकू का?"

धाकट्यानं घरामागे आपली वेगळी भट्टी लावली. एकट्याचा माल तो केवढा! एवढ्याशा भट्टीला कडच जास्त, मधला भाग नावापुरता. कच्ची मडकी पूर्वीपेक्षा वाढली. "भावाशी वाकडं घेऊन काय मिळवलं? होतं ते समाधानही गेलं," गाव म्हणू लागलं. पोराला निरोप धाडला होता. तो आला नाही. आता विटांतच बरं आहे म्हणाला.

बाजारात एका बाईनं मडकं उचलून टिचकी मारली. बद्द.

"ते घेऊ नका, कच्चं राहिलंय," धाकटा म्हणाला. "हे घ्या."

"तुमचं नेहमीचंच. हातच पातळ म्हणतात ना तुमचा?"

"हात चांगला आहे," धाकटा म्हणाला. आजवर हे तो कधीच बोलला नव्हता. "भट्टी लहान आहे."