वाचल्याबिगर सही न्हाई

सुंदरबाईला सही येत होती, तिची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

पंधरा वर्षांपूर्वी वाडीवर साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा बाकीच्या बाया चार दिवस येऊन पाचव्या दिवशी खुरपायला गेल्या. सुंदरबाई मात्र शेवटपर्यंत टिकली. अक्षराला अक्षर जोडून वाचायला शिकली आणि वर स्वतःची ठसठशीत सही करायलाही. झालं! गावात ज्याला कर्जाच्या कागदावर जामीन पाहिजे, तो तिच्या नवऱ्याच्या, अजिनाथच्या दारात हजर. अंगठा लावणाऱ्या बायांत ही एक सहीवाली, म्हणून तिला मान होता आणि मान दिला की सुंदरबाई लगेच पाघळायची. पाहुण्याचा चहा संपायच्या आत सही झालेली असायची. कागदात काय लिहिलंय, हे वाचता येणाऱ्या बाईने एकदाही वाचून पाहिलं नाही. माणूस आपल्या भावकीतला, त्याच्यादेखत त्याचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं.

एकाची म्हैस मेली. एकीचं शेवयांचं मशीन गंजून गेलं. आणि सटवा नावाचा चुलतपुतण्या नव्याकोऱ्या मोटारसायकलीवर बसून पुण्याला जो गेला, तो परत फिरकलाच नाही. हप्ते बुडवले त्यांनी आणि नाव खराब झालं सुंदरबाईचं. बीडला एका बँकेत तिचं खातं होतं, त्यात काही जमा झालं की ते सटवाच्या गाडीपायी वळतं व्हायचं. बिचारी त्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. शेवटी तिने देवळात जाऊन शपथच घेतली, की यापुढे वाचल्याबिगर कुठल्याच कागदावर सही करणार नाही. पण शपथ पाळायची वेळ कधी आली नाही, कारण थकबाकीत गेलेल्या जामिनाकडे कोण कशाला येतंय?

अशी तीनचार वर्षं गेली आणि या दसऱ्याला वाडीच्या शाळेत खिचडी शिजवायची जागा निघाली. आधी खिचडी शिजवणारी केशरबाई लेकाकडे राहायला गेली होती. राधाकिशन गुरुजी हेडमास्तर, ते स्वतः घरी आले.

"सुंदरबाई, कमिटीनं तुमचं नाव धरलंय. मानधन थोडंच हाय, पण दर महिन्याला. शनिवारपर्यंत बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणून द्या. न्हाईतर दुसरं नाव भामाबाईचं हाय, मला नाइलाज हाय."

सुंदरबाईच्या पोटात आनंद मावेना. बावीस वर्षं ती ऊसतोडीला जात होती. आता नवऱ्याचे गुडघे गेले होते आणि ती फडात कोयता चालवण्यापेक्षा खोपीवर बसून नातीला जास्त सांभाळायची. नात म्हणजे सायली, आठ वर्षांची. दर साली दिवाळी झाली की पोरगी आईबापाबरोबर ट्रकवर चढायची आणि शाळेचं निम्मं वर्ष कारखान्याच्या वाटेवर सांडून यायची. तिसरीत गेली तरी वजाबाकीत अडखळायची. घरी थांबायला कुणी असतं तर पोरगी थांबली असती, पण म्हाताराम्हातारी थांबून खाणार काय? खिचडीच्या पगाराने हा प्रश्न एका झटक्यात सुटत होता. फक्त पासबुक पाहिजे होतं आणि तेही नव्या बँकेचं.

ती ऑनलाइन सेंटरवाल्या पप्पूकडे गेली. पप्पू म्हणजे गावाचा अर्धा तहसीलदार. त्याने मोबाइलवर बरंच काहीबाही दाबलं आणि ओठ वाकडे केले.

"मावशी, तुझं सिबिल लई खराब हाय. कुठलीच बँक तुला दारात उभी करणार न्हाई."

"सिबिल म्हंजी?"

"म्हंजी तुझी सगळी पत. सगळ्या बँकांना दिसती ती."

सुंदरबाई घरी आली ती तोंड पाडूनच. तिला हसू येईना, रडू येईना. आपली अब्रू सगळ्या बँकांना मोबाइलमध्ये दिसते, ही गोष्ट तिला फार लागली. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी भाकरी थापता थापता ती एकदम उठली.

"अवो, चला. चौसाळ्याला जाऊ."

"पप्पू न्हाई म्हणला ना? खामखा तिकिटाला पैसे कशापायी घालायचे?" अजिनाथ म्हणाला.

"पप्पू काय बँकेचा मालक हाय? न्हाईच म्हणायचं तर बँकवाल्यांनी माझ्या तोंडावर म्हणू द्या. चला, टोपी घाला."

चौसाळ्याच्या बँकेत शुक्रवारची ही गर्दी. पाऊण तासाने नंबर लागला. खिडकीमागे उज्ज्वला नावाची मॅडम होती, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. सुंदरबाईने आधार कार्ड, फोटो पुढे सरकवले आणि पोलिसापुढे कबुलीजबाब द्यावा तसं खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

"मॅडम, आधीच सांगते. माझं सिबिल खराब हाय. म्हशीचं, मशीनचं आन् एका गाडीचं. एकबी माझं न्हाई, पण सह्या माझ्या हायेत."

रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. अजिनाथने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

उज्ज्वला मॅडमने चष्म्यावरून पाहिलं. "आजी, तुम्हाला कर्ज पाहिजे का?"

"न्हाई बाई! कर्जाचं नावसुदीक काढू नका."

"मग सिबिल कशाला सांगताय? तुम्ही आमच्याकडे पैसे ठेवणार, आम्ही तुम्हाला थोडेच देणार आहोत! शून्य शिलकीचं साधं खातं काढून देते. त्याला सिबिल लागत नाही."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

सुंदरबाईला तिथल्या तिथे त्या मॅडमचा मुका घ्यावासा वाटला, पण मध्ये काच होती. दोन दिवस उगाच जिवाला घोर लावून घेतला म्हणून तिने मनातल्या मनात पप्पूला ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या आणि तिला फार बरं वाटलं.

मॅडमने नाव, गाव, पत्ता विचारून भराभर फॉर्म भरला, तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि पेन पुढे केलं. "इथं, इथं आणि इथं सही करा."

सुंदरबाईने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"वाचते आधी."

"आजी, सगळ्यांचा हाच फॉर्म असतो."

"असंल. पण मी वाचल्याबिगर सही करत न्हाई."

आणि तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, कारण मनात वाचायचा धडा साक्षरतेच्या वर्गात झालाच नव्हता. "खा-ते-दा-रा-चे... खातेदाराचे सं-पू-र्ण नाव." पहिल्या पानाला दहा मिनिटं लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पोथी लावली का काय?" सगळी रांग हसली. सुंदरबाईने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. अजिनाथ कानाशी लागला, "अगं, कर की सही, लोकं हैराण झाल्यात."

"लोकांच्या नादानं केलत्या, तवाच तर हितं आले," ती म्हणाली आणि पान उलटलं.

उज्ज्वला मॅडमने तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि पुढचा नंबर घेतला. सुंदरबाईचं बोट रेघेरेघेने खाली उतरत होतं. अडलेला शब्द ती काचेतून विचारायची आणि मॅडम नोटा मोजता मोजता अर्थ सांगायची. आधी वैतागून सांगायची, मग वैताग कमी झाला. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"मॅडम, हे 'वारस' म्हणून ह्यांचं नाव कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. नवऱ्याचंच लिहितात, म्हणून लिहिलं."

"खोडा. माझ्या नातीचं लिव्हा. सायली."

अजिनाथने टोपी वर केली. "अगं, मी हितंच उभा हाय की!"

"तुमीच तर सटवाला घरात घेऊन आलतात. चहाबी तुमीच ठेवायला सांगितलात."

आता रांगेला घाई राहिली नाही. मघाचा पोथीवाला तर चांगला पुढे येऊन ऐकत होता. मॅडमने हसू दाबत सांगितलं, "आजी, नात लहान आहे. ती अठराची होईपर्यंत तिच्या वतीने पैसे घ्यायला मोठ्या माणसाचं नाव लागतं."

सुंदरबाई विचारात पडली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेला, गुडघ्यावर हात ठेवून तासभर न कुरकुरता उभा राहिलेला तो माणूस. बावीस वर्षं त्याने तोडलेला ऊस तिने मोळी बांधून डोक्यावर वाहिला होता. तिला त्याची माया आली.

"ह्यांचंच लिव्हा," ती म्हणाली. "भोळा हाय, पण पोरीच्या पैशाला हात लावायचा न्हाई."

अजिनाथचे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने टोपीनेच नाक पुसलं.

मग सुंदरबाईने तीन सह्या केल्या. दुपारी अडीचला नव्या पासबुकाची झेरॉक्स गुरुजींच्या हातात पडली.

दिवाळी झाली. टोळीचा ट्रक वाडीवर आला, लेक आणि सून कोयते, भांडी घेऊन चढले. ट्रक हलला तशी सून हमसून रडली, सायलीने ट्रकच्या मागे चार पावलं पळून पाहिलं आणि ती मुकाट्याने आजीचा पदर धरून उभी राहिली. तो दिवस सुंदरबाईला फार जड गेला. नीट केलं का चुकीचं, हे तिला समजेना.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती शाळेच्या शेडमध्ये डाळ धूत होती. पलीकडच्या वर्गात गुरुजी हजेरी घेत होते. ऊसतोडीच्या दिवसांतली हजेरी म्हणजे नावामागून नाव आणि निम्म्यांना तेच उत्तर. जीवन? "तोडीला गेलाय, गुरुजी." पुढचं नाव. "तोडीला." त्याच्या पुढचं. "तोडीला." अर्धी पोरं उरलेल्या अर्ध्यांच्या वतीने ओरडून सांगत होती.

"सायली?"

सुंदरबाईचा हात डाळीत तसाच थांबला.

"हजर, गुरुजी!"

एवढ्या मोठ्याने की शेडच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. सुंदरबाई एकटीच हसली, डोळे पुसले आणि चुलीवर आधण ठेवलं.